‘नैसर्गिक’ संप्रेरकांचा इतिहास : अनियमित ऋतुचक्र, मेक्सिकोतील रानकंद आणि औषधांचा बाजार

प्रस्तावना

अनियमित मासिक पाळीची तक्रार असलेल्या स्त्रीपुढे आज ‘नैसर्गिक’, ‘वनस्पतिजन्य’, ‘दुष्परिणामरहित’ अशा विशेषणांनी सजलेली अनेक पूरके मांडली जातात. रानकंदाचा अर्क, ‘नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन’ असलेले मलम, मेथी व शतावरीच्या गोळ्या, इनोसिटॉलची भुकटी ही त्यांची काही उदाहरणे होत. कृत्रिम संप्रेरके घातक आणि नैसर्गिक संप्रेरके निर्धोक, अशी सरळ विभागणी या विक्रीमागे गृहीत धरलेली असते. ही विभागणी वैज्ञानिक निकषांपेक्षा ऐतिहासिक घडामोडींतून आकाराला आली आहे. एका रेणूचा कच्चा माल कोठून आला, तो कोणी खणला, कोणी शुद्ध केला आणि कोणत्या कायद्याच्या आधारे विकला, हे पाहिल्याशिवाय ‘नैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ लागत नाही. प्रस्तुत निबंधात १८७५ पासूनच्या या प्रवासाचा मागोवा घेतला आहे. ‘पाळी नियमित करणे’ हे उद्दिष्ट वेगवेगळ्या काळांत औषध विकण्याचे एक मान्यताप्राप्त प्रवेशद्वार कसे ठरले, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

१. संप्रेरकपूर्व काळातील उपचार

संप्रेरक ही संकल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे; पाळीच्या तक्रारी मात्र वैद्यकाइतक्याच जुन्या आहेत. चरकसंहितेत वीस योनिव्यापदांचा विचार आला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दोषांनी मार्ग अडल्यामुळे आर्तव नाहीसे होते असे निदान करून मासे, कुळीथ, आंबट पदार्थ, तीळ व उडीद यांचा आहार सुचविला आहे. पाळी लांबली असता तीळ-गूळ देण्याचा महाराष्ट्रातील घरगुती उपाय याच विचाराशी नाते सांगतो. या उपचारांमागे उष्ण-शीत गुणांची आणि दोषांच्या संचाराची स्वतंत्र मीमांसा होती. तिचा ‘संप्रेरकांचे संतुलन’ असा अनुवाद करणे कालविपर्यासाचे ठरते, हे येथेच नोंदविणे आवश्यक आहे.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत या उपचारांना बाजाराचे रूप आले. मॅसॅच्युसेट्समधील लिन येथे लिडिया पिंकहॅम यांनी १८७५ पासून स्त्रियांच्या विकारांवर ‘व्हेजिटेबल कंपाउंड’ नावाचे औषध विकण्यास प्रारंभ केला. त्यात इतर मुळ्यांबरोबर मेथीचे दाणे होते आणि मद्यार्काचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. बाटलीवर पिंकहॅमबाईंचे वत्सल छायाचित्र असे आणि स्त्रियांनी त्यांना पत्राने सल्ला विचारावा असे आवाहन जाहिरातीत केलेले असे. १८८३ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यानंतरही हे आवाहन चालूच राहिले. अखेर १९०५ मध्ये संपादक एडवर्ड बॉक यांनी त्यांच्या थडग्याचे छायाचित्र छापून ही फसवणूक उघडकीस आणली. पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, अमेरिकेत शुद्ध अन्न व औषध कायदा संमत झाला.

याच काळात ‘पाळीतील अडथळा दूर करणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिराती युरोप व अमेरिकेतील वृत्तपत्रांत सर्रास येत. त्यांपैकी अनेक गोळ्या प्रत्यक्षात गर्भपातासाठी विकल्या जात होत्या आणि ग्राहक स्त्रियांनाही ते ठाऊक असे. १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने गर्भनिरोधक व गर्भपातक साधनांच्या प्रसारावर बंदी घातल्यानंतर ‘पाळी नियमित करणे’ ही भाषा अधिकच सोयीची ठरली. उघडपणे सांगता न येणारी गरज सांगता येण्याजोग्या तक्रारीच्या नावाखाली भागविण्याची ही पहिली ठळक नोंद होय.

२. प्राणिज स्रोतांचे युग

१९०३ मध्ये लुडविग फ्रेंकेल यांनी सशांवरील प्रयोगांतून गर्भ टिकण्यासाठी बीजांडकोशातील पीतपिंड आवश्यक असल्याचे दाखविले. १९२३ मध्ये एडगर अ‍ॅलन व एडवर्ड डॉइझी यांनी बीजांडकोशातील स्रावाची क्रिया मोजण्याची पद्धत विकसित केली. १९२९ मध्ये डॉइझी आणि जर्मनीतील अडॉल्फ बुटेनांड्ट यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोन वेगळे केले. त्याच वर्षी जॉर्ज कॉर्नर व विलर्ड अ‍ॅलन यांनी पीतपिंडाचा क्रियाशील अर्क मिळविला. १९३४ मध्ये हे दुसरे संप्रेरक शुद्ध स्फटिकरूपात हाती आले आणि त्यास प्रोजेस्टेरॉन हे नाव रूढ झाले.

या शोधांमुळे अनियमित पाळीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ऋतुचक्राच्या पूर्वार्धात इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर वाढते. बीजोत्सर्गानंतर पीतपिंडातून येणारे प्रोजेस्टेरॉन ते स्थिर करते आणि प्रोजेस्टेरॉन ओसरताच अस्तर गळून स्राव होतो. बीजोत्सर्गच झाला नाही तर हा क्रम बिघडतो, पाळी लांबते किंवा अवेळी व अतिरिक्त स्राव होतो. १९३५ मध्ये शिकागोतील स्टाइन व लेव्हेन्थल यांनी पाळी न येणे आणि बीजांडकोशातील अनेक पुटी यांचा संबंध सात रुग्णांच्या आधारे मांडला. पुढे ‘पीसीओएस’ या नावाने सर्वपरिचित झालेल्या विकाराचे हे प्रारंभीचे वर्णन होते.

निदान स्पष्ट झाले, परंतु औषध दुर्मीळ होते. बुटेनांड्ट यांना अवघे २० मिलिग्रॅम शुद्ध प्रोजेस्टेरॉन मिळविण्यासाठी सुमारे ५०,००० डुकरिणींचे बीजांडकोश वापरावे लागले. १९४० च्या दशकाच्या आरंभी एक ग्रॅम प्रोजेस्टेरॉनची किंमत सुमारे ८० डॉलर होती. इस्ट्रोजेनच्या बाबतीत मार्ग तुलनेने सोपा निघाला. गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेले ‘प्रेमरिन’ १९४२ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आले. हे औषध अक्षरशः नैसर्गिक होते. मात्र त्यातील काही इस्ट्रोजेने घोड्याच्या शरीरातील असून मानवी शरीरात तयार होणारी नव्हती. ‘नैसर्गिक’ आणि ‘मानवी संप्रेरकाशी एकरूप’ हे दोन वेगळे गुण आहेत, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

३. रानकंदाचा शोध

प्रोजेस्टेरॉनच्या टंचाईवर उपाय शोधला तो पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजमधील रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी. वनस्पतींतील सॅपोजेनिन या वर्गातील संयुगांची मूळ चौकट प्रोजेस्टेरॉनसारखीच असते; तिला जोडलेली बाजूची साखळी तोडता आली, तर वनस्पतीपासून संप्रेरक बनविता येईल, हे त्यांनी जाणले. ही साखळी तोडण्याची पद्धत त्यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केली. आता प्रश्न होता तो विपुल कच्च्या मालाचा. एका वनस्पतिशास्त्रीय ग्रंथातील चित्रावरून त्यांचे लक्ष मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ प्रांतातील एका प्रचंड कंदाकडे गेले. स्थानिक लोक त्यास ‘काबेसा दे नेग्रो’ म्हणत. महाराष्ट्रात कोनफळ, कणगर, कडू करांदा या नावांनी ओळखले जाणारे कंद ज्या डायोस्कोरिया प्रजातीतील आहेत, तीतच या कंदाचाही समावेश होतो.

१९४२ च्या जानेवारीत मार्कर ओरिसाबा व कोर्दोबा यांच्या दरम्यानच्या भागात पोहोचले. त्यांना स्पॅनिश येत नव्हती. अल्बर्टो मोरेनो नावाच्या स्थानिक दुकानदाराच्या साहाय्याने त्यांना हे कंद मिळाले. कंदातील डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनविता येते हे सिद्ध होऊनही अमेरिकन औषधकंपन्यांनी मेक्सिकोत गुंतवणूक करण्यास नकार दिला. तेव्हा मार्कर यांनी नोकरी सोडली आणि मेक्सिको सिटीत तुटपुंज्या साधनांनी सुमारे तीन किलो प्रोजेस्टेरॉन तयार केले. एमेरिक सोम्लो व फेडरिको लेहमान यांच्यासह १९४४ मध्ये त्यांनी ‘सिंटेक्स’ ही कंपनी स्थापन केली. वर्षभरातच भागीदारांशी बेबनाव होऊन ते बाहेर पडले. पुढे अधिक डायोस्जेनिन देणारा ‘बार्बास्को’ हा कंद या उद्योगाचा आधार बनला आणि प्रोजेस्टेरॉनची किंमत दशकभरात काही डॉलरांवर उतरली.

येथे रासायनिक प्रक्रियेचे स्वरूप लक्षात घेणे अगत्याचे आहे. कंद आंबवून व वाळवून त्यातील डायोस्जेनिन काढावे लागते. नंतर अ‍ॅसेटिक अनहायड्राइडबरोबर उच्च तापमानाला अभिक्रिया, क्रोमिक आम्लाने ऑक्सिडीकरण आणि पुढील काही टप्पे पार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन मिळते. मानवी शरीरात हे परिवर्तन घडवून आणणारी यंत्रणा नाही. त्यामुळे कंद खाल्ल्याने किंवा त्याचा अर्क त्वचेला लावल्याने शरीरात प्रोजेस्टेरॉन निर्माण होत नाही. मार्कर यांचा शोध महत्त्वाचा ठरला तो निसर्ग आणि संप्रेरक यांमधील हे अंतर प्रयोगशाळेने भरून काढले म्हणून. पुढच्या काळातील जाहिरातींनी नेमके हेच अंतर पुसून टाकले.

४. ‘पाळीच्या तक्रारी’ आणि गोळीचा प्रवेश

प्रोजेस्टेरॉन स्वस्त झाले तरी तोंडावाटे घेतल्यास त्याचा प्रभाव फारच कमी पडत असे. म्हणून तोंडाने घेता येईल असा रेणू घडविण्याचे प्रयत्न सुरू झाले. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सिंटेक्सच्या प्रयोगशाळेत कार्ल जेरासी व जॉर्ज रोझेनक्रांझ यांच्या मार्गदर्शनाखाली लुइस मिरामोन्तेस या तरुण मेक्सिकन रसायनशास्त्रज्ञाने नॉरएथिस्टेरॉन तयार केले. ‘सर्ल’ कंपनीत फ्रँक कोल्टन यांनी नॉरएथिनोड्रेल हा जवळचा रेणू बनविला.

१९५७ मध्ये नॉरएथिनोड्रेलवर आधारित ‘एनोव्हिड’ या गोळीस अमेरिकन औषध प्रशासनाने मान्यता दिली, ती पाळीच्या विकारांसाठी. त्याच वर्षी नॉरएथिस्टेरॉनही अशाच उपयोगासाठी बाजारात आले. एनोव्हिडमुळे बीजोत्सर्ग थांबतो ही सूचना औषधासोबत दिलेली होती. गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळण्यापूर्वीच, १९५९ च्या अखेरीपर्यंत, अमेरिकेत सुमारे पाच लाख स्त्रिया ही गोळी घेत होत्या असे सांगितले जाते. पाळीच्या तक्रारींचे निदान एवढ्या प्रमाणात अचानक का वाढले, याचे उत्तर वैद्यकापेक्षा समाजाच्या इतिहासात सापडते. १९६० मध्ये गर्भनिरोधनासाठी अधिकृत मान्यता मिळाली तेव्हा कायद्याने केवळ वस्तुस्थितीवर शिक्कामोर्तब केले.

एकोणिसाव्या शतकातील गोळ्या आणि एनोव्हिड यांत मूलभूत भेद आहे. पहिल्या गोळ्यांचे घटक व परिणाम अनिश्चित होते, तर एनोव्हिड हे परिणाम सिद्ध झालेले औषध होते. तरीही दोहोंचा समाजातील प्रवेश एकाच दारातून झाला. अनियमित पाळी ही तक्रार सभ्य, सांगण्याजोगी आणि पडताळण्यास कठीण होती. म्हणूनच ती उपयोगी पडली. या सोयीची दुसरी बाजूही आहे. ज्या स्त्रीची पाळी खरोखरच बिघडली होती, तिचा विकार इतर हेतूंच्या सावलीत गेला.

५. कंद खणणारे हात

औषधांच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावे येतात. कच्चा माल गोळा करणाऱ्यांची क्वचितच येतात. व्हेराक्रूझ, ओआहाका, ताबास्को, चियापास या भागांतील हजारो ग्रामीण कुटुंबे बार्बास्को खणून, पाठीवर वाहून दलालांना विकत असत. जमिनीखालचा कंद पानांवरून व वेलीवरून ओळखण्याचे कौशल्य त्यांचेच होते. आपण खणलेल्या कंदापासून काय बनते, याची मात्र अनेकांना वर्षानुवर्षे कल्पना नव्हती. इतिहासकार गॅब्रिएला सोटो लावेआगा यांच्या २००९ मधील ‘जंगल लॅबोरेटरीज’ या ग्रंथाने हा दुर्लक्षित इतिहास प्रकाशात आणला.

राष्ट्राध्यक्ष लुइस एचेव्हेरिया यांच्या कारकिर्दीत, १९७५ मध्ये, मेक्सिको सरकारने ‘प्रोकिव्हेमेक्स’ ही सरकारी कंपनी स्थापून बार्बास्कोचा व्यापार आपल्या नियंत्रणाखाली आणला. कंद खणणाऱ्यांना रास्त भाव मिळावा, हा त्यामागील घोषित हेतू होता. परंतु तोपर्यंत बहुराष्ट्रीय कंपन्यांनी सोयाबीनमधील स्टेरॉल आणि सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने होणाऱ्या प्रक्रिया असे पर्याय जवळ केले होते. मेक्सिकन कंदाचे महत्त्व ओसरले. त्या काळातील ‘नैसर्गिक’ स्रोताचे मूल्य त्याच्या नैसर्गिकपणात नव्हते. तो स्वस्त होता तोवरच त्याला मागणी होती.

६. ‘नैसर्गिक’ शब्दाचे पुनरागमन

१९९० च्या दशकात हाच कंद वेगळ्या रूपात परतला. अमेरिकन डॉक्टर जॉन ली यांनी आपल्या पुस्तकांतून ‘नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन’ मलमाचा हिरिरीने पुरस्कार केला. १९९४ च्या आहारपूरक कायद्यामुळे अमेरिकेत अशी उत्पादने औषधाप्रमाणे पूर्वपरीक्षण न करता विकणे सुलभ झाले. बाजारात दोन भिन्न वस्तू एकाच नावाखाली मिसळल्या. एकात प्रयोगशाळेत बनविलेले खरे प्रोजेस्टेरॉन होते, तर दुसरीत केवळ रानकंदाचा अर्क. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्त होणाऱ्या २३ स्त्रियांवर केलेल्या तुलनात्मक चाचणीत रानकंदाच्या मलमाचा लक्षणांवर फारसा परिणाम आढळला नाही.

जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासाचा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन विभाग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. त्यात १६,६०८ रजोनिवृत्त स्त्रिया सहभागी होत्या आणि स्तनांचा कर्करोग व हृदयविकार यांचा वाढता धोका दिसून आला होता. या घटनेनंतर संप्रेरकांविषयी भीती पसरली आणि ‘नैसर्गिक’ पर्यायांना बाजार मिळाला. रजोनिवृत्तीनंतरच्या उपचारांवरील हा निष्कर्ष तरुण स्त्रीच्या अनियमित पाळीला जसाच्या तसा लागू होत नव्हता. जाहिरातींनी हा भेद पाळला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०२० मध्ये मागणीबरहुकूम मिसळून दिल्या जाणाऱ्या ‘जैवसदृश’ संप्रेरकांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या सुरक्षिततेचा व परिणामकारकतेचा पुरावा अपुरा असल्याचे नमूद केले. दुसरीकडे, सूक्ष्म कणांच्या रूपातील तोंडाने घेण्याचे प्रोजेस्टेरॉन अमेरिकेत १९९८ पासून मान्यताप्राप्त औषध आहे आणि थांबलेली पाळी पुन्हा आणण्यासाठी त्याचा उपयोग होतो. वनस्पतिजन्य कच्च्या मालापासून बनणारे हे औषध मानवी संप्रेरकाशी एकरूप आहे. तरीही ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे लागते.

वनस्पती संप्रेरकव्यवस्थेवर कोणताच परिणाम करीत नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. पश्चिम ऑस्ट्रेलियात विशिष्ट जातीचे क्लोव्हर गवत खाणाऱ्या मेंढ्यांमध्ये वंध्यत्व आढळल्याचे १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून वनस्पतींतील इस्ट्रोजेनसदृश द्रव्यांचा अभ्यास पुढे गेला. जर्मनीत निर्गुडीच्या जवळच्या एका भूमध्यसागरी जातीच्या फळास पाळीच्या अनियमिततेसाठी शासकीय समितीची मान्यता मिळाली होती. ‘पीसीओएस’ विषयीच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी इनोसिटॉलचा मर्यादित पुराव्याच्या चौकटीत विचार करण्यास वाव ठेवला आहे. परंतु ज्या द्रव्यात परिणाम करण्याची शक्ती आहे, त्यात अपाय करण्याचीही शक्ती असू शकते. परिणामकारक तरीही सर्वथा निर्धोक, हा दावा म्हणूनच टिकत नाही.

७. भारतीय संदर्भ

या इतिहासाचे धागे भारतातही आहेत. हिमालयातील डायोस्कोरिया डेल्टॉइडिया हा कंद डायोस्जेनिनसाठी एवढा खणला गेला की १९७५ मध्ये त्याचा समावेश संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करावा लागला. कोकणात व सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या पेव्याच्या मुळातही डायोस्जेनिन असल्याने त्यावर भारतीय प्रयोगशाळांत संशोधन झाले. सणासुदीला, लग्नकार्याच्या वेळी पाळी पुढे ढकलण्यासाठी आपल्याकडे ज्या गोळ्या घेतल्या जातात, त्यांतील नॉरएथिस्टेरॉन म्हणजे १९५१ मध्ये मेक्सिकोत घडविलेला तोच रेणू होय.

कायद्याच्या दृष्टीने भारताची नोंद विशेष महत्त्वाची आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्यातील तिसऱ्या कलमाने ‘स्त्रियांच्या मासिक पाळीतील बिघाड दुरुस्त करण्याचा’ दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस मनाई केली. हीच मनाई त्याच कलमात गर्भपात व गर्भनिरोधनाच्या जाहिरातींच्या शेजारी यावी, यात ‘पाळी नियमित करणाऱ्या’ जुन्या गोळ्यांचा अनुभव प्रतिबिंबित झालेला दिसतो. मात्र शरीरक्रियांवर प्रभाव पाडणाऱ्या वस्तूंची व्याख्या करताना या कायद्याने अन्न वगळले आहे. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा आणि आरोग्यपूरकांविषयीचे विनियम २०१६ चे. पूरक हे अन्न मानले जाते आणि त्यास रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. म्हणून वेष्टनावर ‘संतुलन राखण्यास साहाय्यक’ अशी शब्दयोजना येते. बिघाड दुरुस्त करतो असे म्हणणे वर्ज्य, संतुलन राखतो असे म्हणणे चालते. शब्द बदलला, दार तेच राहिले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, ‘नैसर्गिक संप्रेरक’ या संज्ञेत स्रोत, रासायनिक रचना आणि सुरक्षितता या तीन स्वतंत्र गोष्टी एकत्र केल्या गेल्या आहेत. इतिहासात त्या कधीही एकरूप नव्हत्या. दुसरा, वनस्पतीपासून संप्रेरक मिळाले ते प्रयोगशाळेच्या मध्यस्थीने. ती वगळून उरतो तो केवळ कंद. तिसरा, ‘पाळी नियमित करणे’ या भाषेने १८७३ नंतर, १९५७ मध्ये आणि पूरकांच्या आजच्या बाजारात कायद्याच्या मर्यादांशी जुळवून घेण्याचे कार्य केले. चौथा, या व्यापाराची किंमत कंद खणणारे ग्रामीण कष्टकरी आणि नेमके निदान न झालेल्या स्त्रिया यांनी मोजली.

यांतील शेवटचा मुद्दा शिक्षणक्षेत्रासाठी अधिक निकडीचा आहे. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिचे अंतर कमी-अधिक असणे स्वाभाविक आहे. पुढे सामान्यतः २१ ते ३५ दिवसांचे चक्र अपेक्षित असते. अनियमितता हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. थायरॉइड ग्रंथीचे विकार, प्रोलॅक्टिनची वाढ, पीसीओएस, अतिश्रम, कुपोषण अथवा गर्भधारणा यांपैकी काहीही त्याच्या मुळाशी असू शकते. साध्या रक्ततपासणीने उलगडणारे कारण महिनोन् महिने पूरकांच्या डबीत झाकून राहते, तेव्हा नुकसान केवळ पैशाचे नसते. महाविद्यालयात येणारी विद्यार्थिनी याच वयोगटातील असते आणि तिला ही माहिती बहुधा जाहिरातीतूनच मिळते. विज्ञानाचा, कायद्याचा व श्रमाचा इतिहास एकत्र शिकविल्यास ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचताच ‘कोणते द्रव्य, किती प्रमाणात आणि कोणत्या पुराव्यावर’ असे प्रश्न विचारण्याची सवय तिला लागू शकेल.